मौनातलं जेवण

कुमुदकाकूंनी पहिला घास घेतला आणि सुनेच्या सिमकार्डवाल्या, डबीएवढ्या वायफाय राउटरवरचा दिवा पुन्हा लाल झाला.

ऋजुताने साहेबांना फोन लावला. "सर, गावात नेट टिकत नाहीये. उद्या पुण्याला परत येते." खाटेवरच्या अण्णांकडे तिला बघवेना. अर्धांगवायूने वाचा गेलेल्या सासऱ्यांना तीच रोज एकेक शब्द शिकवत होती. कालच ते "पाणी" म्हणाले होते.

काकूंना उपाय सुचला होता. पण चातुर्मासात त्यांचं जेवण मौनात. शब्द निघाला तर पानावरून उठायचं, उद्यापर्यंत अन्न शिवायचं नाही. हातवारे केले, तर सून पाठमोरी.

काकूंनी पानाला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "अगं, मागच्या पडवीतून टॉवर दिसतो. दह्याचं मडकं उतरव नि ते यंत्र शिंकाळ्यात ठेव."

दिवा हिरवा झाला. "राहते सर, इथूनच करते काम," म्हणत ऋजुता वळली आणि भरलं पान बघून चपापली. "आई, तुमचं जेवण?"

"नारायणाला सांगते मी, तो नाही रागवायचा." काकू हात धुवायला उठल्या. "तू आज अण्णांकडून 'भात' म्हणवून घे."