दोन थापा

वायोमिंगच्या माळावरल्या एका दुकानासमोर व्हर्लिन ट्रेलर जोडायला पिकअप मागे घेत होता. ट्रेलरचा खुंटा पिकअपच्या हौद्यातल्या जबड्यात बसून जबडा मिटला, की त्याची बायको लोर्ना पत्र्यावर दोन थापा मारायची. मगच तो निघायचा.

दोन थापा पडल्या. तरी त्याने उतरून पाहिलं, तर जबडा उघडाच! निघाला असता, तर अख्खा ट्रेलर हौद्यावर आदळला असता.

"डोळे फुटलेत का तुझे, लोर्ना?" तो खेकसला. "जीव घेशील एखाद्याचा!"

"ओरडतोस कुणावर?" समोरच्या दुकानाच्या पायरीवरून लोर्ना फणकारली. "'तुझी लुडबूड नको' म्हणालास ना सकाळी? कधीची इथे बसलेय मी."

व्हर्लिन हौद्यापाशी एकटाच उभा होता. त्याच्या डोळ्यांदेखत पत्रा पुन्हा दोनदा वाजला, या वेळी चिडून.