यशोदाबाईंचं शोभेचं गवत

गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातून आणलेलं शोभेचं गवत यशोदाबाईंनी देवपूरच्या अंगणात हौसेनं वाढवलं होतं. श्रावण कोरडा ठाक गेला, सगळं रान करपलं, तरी याचे रुपेरी तुरे आपले डोलतायत! शेजारच्या जीवरामनं उपाशी बैलासाठी पेंढीभर मागितलं, तेव्हा बाईंनी ठोकून दिलं, "अरे, विषारी आहे ते!"

पोळ्याला जीवराम बैलाची शिंगं रंगवून दारात आला. बैलानं बाईंनी पुढे केलेल्या ताटातली पुरणपोळी नुसती हुंगली आणि गवतात तोंड खुपसलं. पांढऱ्याफटक पडलेल्या जीवरामनं त्याच्या जबड्यात हात घालून हिरवा घास ओढून काढला. खरं सांगायला बाईंची जीभ रेटेना.

बैल वाचला म्हणून जीवरामनं हात जोडले, "तुम्ही आगोदर सांगं म्हनीसन वाचना बापडा, अक्का!"