पहिला घास

चुलतभावानं संस्थानाबाहेर काढलेल्या हेमप्रभाराजे जुन्नरला राहून गादीसाठी कोर्टात भांडत होत्या. स्वयंपाकाला शकुबाई होती. ताटातला पहिला घास रोज तिनं खायचा, बाईसाहेब घटकाभर तिच्या तोंडाकडे बघत बसणार आणि मगच जेवणार.

“लई मान देत्यात मला,” शकुबाई शेजारणींना सांगायची.

आज तोच भाऊ समेटाला आला. बाईसाहेब कधी नव्हे त्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि त्याच्यासाठी केलेला मासवडीचा रस्सा त्यांनी स्वतः ढवळला. शकुबाईनं सवयीनं वाटी पुढं केली. त्यांनी तिचा हात धरला.

“आज चाखायचं नाही.”

शकुबाईनं चटकन डोक्यावर पदर घेतला.

“अगं बया! निवद हाय व्हय, बाईसाहेब?”