भुकटीतलं कुंकू

खंडेनवमीला सकाळी दहा वाजता मृण्मयीने मशीन सुरू केलं. टायटॅनियमच्या भुकटीचे थर लेझरने वितळवून एका ट्रकचालकाचा जबडा घडवायचा होता. परवा शस्त्रक्रिया होती.

लेथवर तीस वर्षं काढलेले बापू लोहार पेढ्यांची वाटी घेऊन तिथेच घुटमळले.

“पोरी, मघाशी पूजेत चिमूटभर कुंकू भुकटीतबी वाहिलंय मी. लेथला वाहतो तसं.”

तिने मशीन बंद केलं. “कुंकवानं धातू ठिसूळ होतो, बापू. भाकरी चावतानाच जबडा मोडला असता.”

“गप बसलो असतो, तर कळलं असतं का कुणाला?”

“नाही.”

सगळी भुकटी काढून तिने मशीन पुसलं. नव्या भुकटीचा सीलबंद डबा एकच होता, जेमतेम एका जबड्यापुरता. तो टाकीत ओतून तिने पहिल्या थरापासून पुन्हा सुरुवात केली.

संध्याकाळी सातला बाराशेपैकी आठशे दहा थर झाले होते. टाकीत भुकटी चार बोटं उरली होती, राहिलेल्या थरांना जेमतेम पुरेल एवढी.