भैयाजीच्या चाकांतली हवा

धोंडबानं कडुनिंबाची काडी व्हॉल्व्हमध्ये खुपसली आणि भैयाजीच्या नव्या ट्रॅक्टरची हवा सूंऽऽ करत बाहेर यायला लागली. भर दुपार होती. भैयाजी वावरातल्या खोलीत जेवत होता. ट्रॅक्टर बाहेर, दोघांच्या वावरांमधल्या सामाईक धुऱ्यावर, बांधावर उभा होता. चाकातली हवा थेट धोंडबाच्या तोंडावर येत होती. तिला रबराचा वास होता. तरी इतकी गार हवा त्याला त्या वर्षात लागली नव्हती.

धोंडबा आणि भैयाजी एकाच वर्गात एकाच वर्षी नापास झाले होते. तेव्हापासून दोघांनी एकमेकांना पुढे जाऊ दिलं नव्हतं. भैयाजीनं रेडिओ घेतला, धोंडबानं त्याहून मोठा घेतला. भैयाजीला काटोलचा मास्तर जावई मिळाला, धोंडबानं नागपूरचा हेडक्लार्क हुडकला. भैयाजीचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं आणि गाव त्याला भेटायला लोटलं, तेव्हा धोंडबा आठवडाभर स्वतःच्या कमरेत बोटं खुपसून बघत होता. काही सापडलं नाही.

ट्रॅक्टरला मात्र त्याच्याकडे उत्तर नव्हतं. संत्र्याच्या दोन ओळींतून जाईल एवढा बुटका, आणि ताकद मात्र चारही चाकांत. पुढची चाकंसुद्धा ओढायची. लोक दुरून बघायला येत. धोंडबा गेला नाही. जाता-येता तो त्या बाजूला मानसुद्धा वळवत नसे. शेवटी मान अवघडली. त्याच्या बायकोनं, तुळसाबाईनं, ती तेल लावून चोळली आणि एवढंच विचारलं, की एकदाचं पाहून काहून येत नाही.

म्हणून तो आज आला होता. एकाच चाकाची हवा काढली असती, तर भैयाजीनं पंक्चर समजून ठिगळ लावलं असतं. धोंडबाला ट्रॅक्टर आतल्या आत खचायला हवा होता. त्यानं चारही चाकांतून थोडी थोडी काढली. माठ घेताना वाजवून बघतात तशी प्रत्येक चाकावर बुक्की मारून पाहिली. पुढची दोन एका सुरात बोलायला लागली, मागची दोन एका सुरात बोलायला लागली, तेव्हा तो थांबला. काम वाईट होतं, पण त्यानं ते मन लावून केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नागपूरहून मेकॅनिक आला. गाव गोळा झालं. गर्दीच्या मागे धोंडबाही उभा राहिला, मान दुसरीकडे करून. आणि तिथं त्याला भलतंच ऐकायला मिळालं. मेकॅनिकला भैयाजीनंच चार दिवसांपूर्वी निरोप धाडला होता, की तुमचं हे यंत्र घेऊन जा. पहिल्या दिवसापासून ते काळ्या मातीत जागच्या जागी चाकं फिरवत होतं, टणाटणा उडत होतं. भैयाजी ही गोष्ट पोटात ठेवून होता. धोंडबाच्या कानावर गेली असती, तर त्यानं गावजेवण घातलं असतं.

मेकॅनिकनं ट्रॅक्टर बागेत घातला. तो लोण्यातून सुरी जावी तसा गेला.

मेकॅनिक खाली उतरला. चारही चाकांना मीटर लावून बघितलं आणि त्यानं मान डोलावली. नवा ट्रॅक्टर येतो तेव्हा चाकांत हवा ठासून भरलेली असते, तो म्हणाला, ती वावरात कमी करावी लागते, नाहीतर चाक माती धरत नाही. इथं कोणीतरी ती अगदी बरोबर केली आहे. जोडीजोडीला सारखी. एवढा जाणकार कोण, असं त्यानं विचारलं.

भैयाजी क्षणभर गोंधळला. मग त्यानं मिशीवरून हात फिरवला आणि सांगितलं, मीच.

लोक वा म्हणाले. भैयाजीला लहानपणापासूनच यंत्रातलं कळतं, असंही कोणीतरी म्हणालं. धोंडबाची अवघडलेली मान कट्‌कन सरळ झाली. घात करायचा आपण, आणि नाव व्हायचं भैयाजीचं! तो गर्दी सारून पुढे आला.

"खोटं बोलून राहिला हा. हवा मी काढली."

"काहून काढली गा?" भैयाजीनं विचारलं.

"तुह्या ट्रॅक्टरचं वाटोळं व्हावं म्हणून."

मारामारीला जागा लागते, म्हणून लोक दोन पावलं मागे सरले. भैयाजी धोंडबाच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. पण त्याचा चेहरा लग्नघरासारखा उजळला होता.

"म्हणजे तू पाह्यला ट्रॅक्टर," तो म्हणाला. "मले वाटलं, तू पाहूनच नाई राहिला."

ट्रॅक्टर परत गेला नाही. हवा बघायची वेळ आली की भैयाजी 'मी जेवायला चाललो' असं धुऱ्यावरून ओरडून सांगायचा आणि तासभर बाहेर पडायचा नाही.

ही कीर्ती मौद्यापर्यंत गेली. तिथल्या आनंदरावांनी तसलाच ट्रॅक्टर घेतला होता आणि तोही उड्या मारत होता. ते पेढे घेऊन आले आणि धोंडबाला बसनं मौद्याला घेऊन गेले. धोंडबा काडी घेऊन चाकापाशी बसला. हात काही पुढे होईना. आनंदरावांना वाटलं, थोडी मदत करावी. त्यांनी आपलं दुमजली घर दाखवलं, बारमाही विहीर दाखवली, मोठा मुलगा इंजिनियर झाल्याचं सांगितलं. धोंडबानं डोळे मिटून सगळं ऐकलं. बराच वेळ प्रयत्न केला. मग गुडघ्यावर हात टेकून उठला आणि काडी टाकून दिली.

"नाई जमणार, आनंदराव," तो म्हणाला. "तुमचं चांगलं झालं तं मले काईच वाटत नाई."