वीस पाउंड पीठ

परवा त्या कागदाला नुसतं बोट लागलं तर यशोधरा आईवर केवढी खेकसली होती. "आई, प्लीज! एकच कॉपी आहे माझ्याकडे!" आणि आज तोच कागद बेसमेंटमध्ये, फरशीवर, पिठाच्या पोत्याखाली. याला काय म्हणायचं? शिकलेल्यांची रीत?

शेवंताबाई पीठ काढायला खाली गेल्या होत्या. रिकामी परात तिथंच टाकून वर आल्या. कागद दोन्ही तळव्यांवर आडवा.

यशोधरा जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. चार वाजून दहा मिनिटं झालेली. पाचच्या आत थीसिस अपलोड झाला नाही तर दूरच्या कोक्विटलाम शहरातल्या कॉलेजात मिळालेली नोकरी गेली. मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. सस्काटूनमधला हा आपला शेवटचा विंटर, असं ती महिनाभर फोनवर सगळ्यांना सांगत सुटली होती.

"हे पोत्याखाली कुणी ठेवलं?"

"मीच." तिनं मान वर केली नाही. "सरळ व्हावा म्हणून."

"काय सरळ व्हावं?"

"कागद गं. वाकडा झाला होता. फोटोत नीट येत नव्हता."

शेवंताबाईंनी कॉफीचा मग बाजूला सारला आणि कागद टेबलावर ठेवला. त्यावरचं एक अक्षर त्यांना लागत नव्हतं. मराठीच दुसरीपुरतं, तिथं रोमन लोकांचं काय लागणार? पण कागद कसला आहे ते त्यांना ठाऊक होतं. उन्हाळ्यात लेकीनंच कौतुकानं सांगितलं होतं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर रोमन राज्यातलं एक लहानसं गाव. तिथल्या हौदावर शिलालेख. त्या दगडावर ओला कागद ठेवायचा, ब्रशनं ठोकायचा, वाळला की सोलून घ्यायचा. दगडात जे खोल, ते कागदावर वर येतं.

त्या बोटं फिरवत गेल्या. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर बोटं थांबली. मागं गेली. परत तिथंच येऊन थांबली.

"इथं काय लिहिलंय?"

"नाव आहे. लुकिअस. ज्यानं हौद बांधला तो. मोठा श्रीमंत माणूस होता."

"हे नाव नंतरचं हाय."

कीबोर्डवरचा आवाज बंद झाला.

"बाकीची अक्षरं एका पातळीत हायेत. इथं वीतभर जागेत कागद फुगलाय, म्हंजे दगडच खोल गेलाय. आधीचं कुणीतरी खरवडून काढलं आन् त्या खड्ड्यात हे कोरलं. हातपण दुसरा. आधीचा कोरायची टाकी तिरपी धरायचा, हा उभी धरतो."

"आई, ती झीज आहे. दोन हजार वर्षं पावसात पडलेला दगड आहे तो..."

"मला नको शिकवू. बापामागं हिंडून गावोगावची दळायची जाती टाकी मारून टाकवलीत मी. पाऊस काय नाव बघून पडतो?"

यशोधरानं घड्याळ बघितलं. चार बावीस.

"आधी काय होतं तिथं?"

"माहीत नाही."

"यशे."

"कदाचित..." तिनं ओठ चावला. "त्याच काळातल्या एका पुस्तकात एक ओळ आहे. हौद गावच्या कुंभारांनी मिळून बांधला, अशी. कुणी सीरियसली घेत नाही ती. मीसुद्धा लिहिलंय, ऐकीव गोष्ट आहे म्हणून. तीन चॅप्टर आहेत माझे लुकिअसवर, आई! तीन! हे एक नाव हललं की सगळं खाली येतं. अजून एक वर्ष. आणि ही नोकरी वर्षभर थांबणार आहे का कुणासाठी? तुला काय, तू आपली—"

"तुला कधी कळलं?"

खाली घर तापवणारी फर्नेस सुरू झाल्याचा आवाज आला. खिडकीबाहेर शेजारी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होता, त्याचं खरडणं काचेतून ऐकू येत होतं.

"जुलैमध्ये. दगडावर पहिल्यांदा हात ठेवला तेव्हाच."

"म्हंजे बोटं माझीच घेतलीस."

यशोधरा आपणहूनच, अगदी हळू म्हणाली, "कडेनं लाइट टाकला की तेवढ्याच जागेत सावली पडत होती. म्हणून कागद थोडं पाणी मारून पोत्याखाली ठेवला. दोन दिवस फक्त. आता नाही पडत."

तिनं लॅपटॉप किंचित वळवला. पडद्यावर त्याच कागदाचा फोटो होता. सपाट, स्वच्छ, सगळ्या ओळी सारख्या. खाली सबमिटचं निळं बटण.

शेवंताबाईंनी फोटो बघितला. मग कागद बघितला. परत एकदा तिसऱ्या ओळीवर अंगठा टेकवला. वीस पाउंडांचं पोतं दोन दिवस वर बसलं होतं, तरी अंगठ्याला त्या खड्ड्याचा फुगवटा लागतच होता.

"इकडं आण हात."

"आई, नको."

"आण म्हणते ना."

यशोधरानं हात पुढं केला. कागदाच्या वर येऊन तो थांबला, खाली टेकेना. माउसकडेही जाईना. चार एकतीस.

शेवंताबाईंनी तो हात धरला नाही, की लॅपटॉप मिटला नाही. लुगड्याला लागलेलं पीठ झटकलं, कॉफीचा मग उचलून लेकीपुढं होता तिथं ठेवला आणि म्हणाल्या,

"ज्यानं कुंभारांचं नाव खरवडलं, त्याला दिवसभर घाम तरी गाळावा लागला असंल, यशे. तू पोतं ठेवलंस आन् वर येऊन कॉफी प्यालीस."