पाठीवरची हवा

पंखाला बिलगून वाहणारा हवेचा खवळलेला थर सुटू लागला आणि विमान कोसळायच्या बेतात आले, की अंगातल्या खास जाकिटामुळे वैमानिकाच्या पाठीवर मुंग्या धावत. त्यामुळे हल्ली विमानात धोक्याचे भोंगे कोणी बसवीत नसे. जाकिटाची संवेदना किती तीव्र ठेवायची, हे मुख्य अभियंते वर्टक ठरवीत, आणि नियमाप्रमाणे वर्षातून एकदा तेच जाकीट घालून त्यांना स्वतः उड्डाणात बसावे लागे. या वर्षी विमान हेमांगी पाटणकरच्या हाती होते.

तिने विमानाचे नाक उचलले. "काय जाणवतंय, साहेब?"

"काही नाही. अगदी झक्कास चाललंय."

तिने नाक आणखी उचलले. हवेची दिशा दिसावी म्हणून पंखावर चिकटवलेले लोकरीचे दोरे आधी थरथरले, मग एकेक करून उलटे फिरले.

"अहो बाई, ते दोरे बघा! हवा सुटतेय!"

"पण पाठीला मुंग्या?"

"नाही म्हटलं ना! नाक खाली घ्या!"

"माझा भाऊ विमान चालवताना कोसळून गेला, तेव्हा त्याला मात्र मुंग्या आल्या होत्या, असं चौकशीत तुम्हीच सांगितलंत. त्यानं दुर्लक्ष केलं म्हणे."

विमान हादरले.

"वैमानिक मुंग्यांना वैतागायचे, म्हणून संवेदना मीच कमी केली! त्याला काही कळलंच नसणार!"

हे वाक्य विमानाच्या रेकॉर्डरवर उतरले. हेमांगीने स्वतःचे जाकीट मात्र गुपचूप पूर्ण संवेदनेवर ठेवले होते. तिची पाठ केव्हाची पेटली होती. नाक तिने खाली घेतले, पण वर्टकांनी हात जोडीपर्यंत थांबून.